मॅडम परिस्थिती बघायला येतात

शिष्यवृत्ती हवी असेल तर माणूस गरीब असावा लागतो, आणि तो गरीब आहे हे समोरच्याला दिसावंही लागतं. यातली पहिली गोष्ट आमच्या घराला काही कष्ट न घेता जमत होती. दुसरीनं घोळ घातला.

मी तेव्हा संभाजीनगरला एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. पहिलं वर्ष अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कसं ओढलं ते त्यांचं त्यांना माहीत. ते पाचोडला शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, म्हाताऱ्यांच्या बंड्या, जे येईल ते. दुसऱ्या वर्षाचं जमणार नाही असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फोनवर फक्त एवढं विचारलं, "एका वर्षावर कुठं नोकरी लागत आसंल का गं?" मी म्हटलं, नाही लागत. ते "बरं" म्हणाले आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. अण्णा पावसापाण्याचं बोलायला लागले की समजायचं, खिसा रिकामा आहे.

अशात कॉलेजच्या फळ्यावर शहरातल्या एका ट्रस्टची नोटीस लागली. फी, होस्टेल, मेस, सगळं ते भरणार. अट एकच, शिक्षण झाल्यावर दोन वर्षं फक्त लेकरांसाठी काम करायचं. बालगृहात करा, रस्त्यावरच्या मुलांत करा, कुठंही करा, पण लेकरांसाठी. अट वाचून आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांना घाम फुटला. जो तो चितेगावच्या नाहीतर वाळूजच्या कंपन्यांकडं डोळे लावून बसलेला. कंपनीत एसी असतो, कँटीन असतं, रविवारी सुट्टी असते. लेकरांच्या कामात रविवार नावाचा वारच नसतो.

मला मात्र ती अट ऐकून बरं वाटलं होतं, आणि त्याला कारण एक सात वर्षांची पोर होती. पहिल्या वर्षी फिल्डवर्कला मी एका बालगृहात जायचे. पहिल्याच दिवशी वही-पेन घेऊन, चेहऱ्यावर सगळी माया आणून मी मुलांच्या मधोमध जाऊन बसले. ही पोर माझ्यासमोर आली, मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "तुम्ही किती दिवसांच्या?" मला आधी कळेना. मग ती म्हणाली, "मागच्या ताई चार महिन्यांच्या होत्या. त्याच्या आधीच्या दीड महिन्याच्या." तिथल्या मुलांनी आमच्यासारख्या वहीवाल्या ताया ढिगानं पाहिल्या होत्या. मी सहा महिन्यांची होते, तेवढं सांगितलं. "मग ठीकय," म्हणून ती खेळायला गेली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं की आपण जरा जास्त दिवसांच्या व्हायचं. त्यासाठी दुसरं वर्ष पुरं करणं भाग होतं, आणि त्यासाठी ही शिष्यवृत्ती. ती हुकली असती तर मी पाचोडला परत, अण्णांच्या शेजारी बसून हुक लावत, आणि मग वर्षाच्या आत कुणाच्या तरी घरी सून.

मुलाखत बरी झाली. तिघांनी प्रश्न विचारले, मी नको तितकं बोलले. शेवटी कोपऱ्यातल्या एक मॅडम म्हणाल्या, "घरची परिस्थिती बघायला मी स्वतः येईन." या मॅडम सरकारी नोकरीत महिला-बालविकास खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. पांढरे केस आखूड कापलेले, सुती साडी, खांद्याला एक जुनी कापडी पिशवी. घरं बघून बघून त्यांची नजर अशी झाली होती की त्यांच्यासमोर बसल्यावर मी उगीच ओढणी सारखी केली.

मी घरी फोन लावला. माय फोनवर आली. मी स्पष्ट सांगितलं, "मॅडम येतायत. घर बघतील, चार प्रश्न विचारतील, जातील. काही म्हणजे काही करू नका. आहे तसं राहू द्या." माय म्हणाली, "व्हय गं, कशाला काय करायचं." इथंच मी चुकले. आमच्याकडं कुणी "काही करू नका" म्हटलं की त्याचा अर्थ मागं-पुढं न बघता सगळं करा असा असतो. चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्याला जेवूनच जावं लागतं. मी त्याच घरात बावीस वर्षं वाढलेली, मला हे कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी मी आणि मॅडम बसस्टँडवर भेटलो. ट्रस्टची गाडी होती, पण मॅडमना एसटीच हवी होती. स्टँडच्या दारातल्या रिक्षावाल्यानं "बीडवाली लगी है मॅडम, जल्दी जाव" म्हणून घाई केली आणि आम्ही दोघी खिडकीशी बसलो. मला वाटलं, वाटेत त्या मला खोदून खोदून विचारतील. मी उत्तरं पाठ केली होती. त्यांनी आडूळपर्यंत भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, टरफलं पिशवीतच ठेवली आणि पुढं पाचोडपर्यंत शांत झोप घेतली. मी मात्र मोसंबीच्या बागा मोजत ताठ बसले होते.

पाचोडला बाजाराचा दिवस होता. जून महिना, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, म्हणजे अण्णांच्या धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस. एरवी या दिवशी आमच्या घराच्या दारात गणवेशाची मापं द्यायला पोरांची रांग असते आणि आतून मशीनचा खडखडाट रस्त्यापर्यंत येतो. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. दाराला तोरण होतं, उंबऱ्यावर रांगोळी होती आणि दारासमोर एक बुलेट उभी होती. आपलंच घर ओळखू न येऊन मी पुढच्या घरापर्यंत चालत गेले. मागं वळले तर मॅडम आमच्याच दारात उभ्या राहून बुलेटकडं बघत होत्या.

अण्णा बाहेर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, कपाळाला गंध, आणि गळ्यात मापाची पट्टी. सगळं बदललं होतं, पट्टी तेवढी काढायची राहिली होती. "या या मॅडम, लई आनंद झाला," म्हणत त्यांनी आत बोलावलं.

आत जे होतं ते बघून मी उंबऱ्यातच थांबले. आमच्या पुढच्या खोलीत जिथं अण्णांची मशीन असते तिथं एक मरून रंगाचा सोफा होता. सोफ्याच्या हातावर घडीची नवी चादर. कोपऱ्यात फ्रिज होता, आणि फ्रिजवर प्लास्टिकची फुलं. शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग नाही, चिंध्या नाहीत, मशीन नाही. आणि सोफ्यावर शेजारच्या किराणा दुकानदाराचे म्हातारे वडील मांडी घालून बसले होते.

सोफा त्यांचा होता हे मला लगेच कळलं, कारण हे आजोबा गेली कित्येक वर्षं त्याच सोफ्यावर, त्याच कोपऱ्यात बसत आलेत. सकाळी चौघांनी सोफा उचलून आमच्याकडं आणला तेव्हा आजोबांनी घरी बसायला साफ नकार दिला होता. दुसऱ्या कशावर त्यांना बसवतच नाही. म्हणून तेही सोफ्यामागोमाग चालत आले आणि आपल्या कोपऱ्यात बसले. हे सगळं मायनं मला स्वयंपाकघरात ओढून, कानात सांगितलं. मी म्हटलं, "माय, फॉर्मवर मी घरात तीन माणसं लिहिलीत." माय म्हणाली, "मंग सांग की, पाहुने हायेत."

मी दात-ओठ खात होते. मॅडम पुढच्या खोलीत नसत्या तर मी तिथंच भांडी आपटली असती.

बाहेर मॅडम आजोबांना विचारत होत्या, "तुम्ही कधी आलात?" आजोबा म्हणाले, "सकाळी. सोफ्यासंगं." अण्णांनी घाईनं पंखा मोठा केला. मॅडमनी मान हलवली, जणू काही सोफ्यासंगं येणारी माणसं त्यांना रोज भेटतात.

मायनं फ्रिजमधलं थंड पाणी दिलं. फ्रिज माझ्या चुलतीचा होता. तो तिच्याच घरातून वायर ओढून चालू ठेवला होता, ती वायर मागच्या दारातून साप आल्यासारखी आत आलेली. पाणी देऊन माय ताटं करायला गेली, तेवढ्यात त्याच मागच्या दारातून चुलती आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. सरळ फ्रिज उघडला, कोथिंबिरीची जुडी काढली, दह्याचं भांडं काढलं, फ्रिज लावला आणि आली तशी गेली. दोन मिनिटांनी परत आली, हिरव्या मिरच्या राहिल्या होत्या. मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "घरोबा चांगला आहे तुमचा."

जेवायला पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया, पापड. मी एकच पोळी मोडत बसले. मॅडम मात्र मन लावून जेवल्या. आजोबाही जेवले, सोफ्यावरच. माय सारखी वाढत होती आणि मी मनातल्या मनात फॉर्म भरत होते: सोफा आहे, फ्रिज आहे, मोटारसायकल आहे, रोज पुरणपोळी खातात. हिला कशाला शिष्यवृत्ती, हिनंच दोघांना द्यावी.

हात धुऊन मॅडमनी पिशवीतून माझा फॉर्म काढला, चष्मा लावला.

"मास्तर," त्या अण्णांना म्हणाल्या, "यात लिहिलंय की घर शिवणकामावर चालतं. मशीन कुठंय?"

माय म्हणाली, "दुरुस्तीला टाकलीया." ते इतकं हळू म्हणाली की तिचं तिलाच पटलं नव्हतं.

"भर गणवेशाच्या दिवसांत?" मॅडम म्हणाल्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "हे बघ. फॉर्म तू भरलास. त्यात एक लिहिलंय आणि इथं मला दुसरंच दिसतंय. दोन्हीतलं एक खोटं आहे. फॉर्म खोटा असेल तर मला तो इथंच बाजूला ठेवावा लागेल. मला सांग, मी काय लिहू?"

सांगायचं काय, ते मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मॅडम, यातलं काही आमचं नाही. वर्षभर मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलांच्या फायलीत "आर्थिक स्थिती हलाखीची" असं झरझर लिहीत आले होते, एकदाही हात अडला नव्हता. आता ते माझ्या घराबद्दल तोंडानं म्हणायचं होतं. मी फ्रिजवरच्या प्लास्टिकच्या फुलांकडं बघत राहिले.

आजोबांना मात्र गप्प बसवेना. "मशीन ना," ते म्हणाले, "ती तर आमच्या..."

"थांबा काका," अण्णा म्हणाले. "मी सांगतो."

पण ते काही सांगत बसले नाहीत. उठले, चपला न घालता बाहेर गेले. मायही पदर खोचून मागं गेली. जरा वेळानं रस्त्यावरून दोघं येताना दिसली. पुढं अण्णा, मागं माय, मध्ये आमची मशीन, लोखंडी पायासकट. बाजाराची माणसं बाजूला होऊन वाट देत होती, कुणी विचारत होतं, "काय मास्तर, नवी घेतली का?" अण्णांचा कडक शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मी उठून हात लावायला हवा होता. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मशीन मॅडमच्या समोर ठेवून अण्णांनी श्वास घेतला आणि एकेक बोट दाखवत सांगायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवतात त्याच आवाजात. "सोफा यांचा. फ्रिज माझ्या भावजयीचा. गाडी त्या पलीकडच्या पोराची. ताटं निम्मी आमची. चादर दुकानातून आनलीया, परत करायची हाय, म्हनून घडी मोडू दिली नाय. पंखा माझा. मशीन माझी. पोरीचं एक वर्स मी शिकवलं, दुसरं माझ्याच्यानं व्हईना. हे लिहा."

आजोबांनी प्रत्येक वस्तूला मान डोलावली.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, त्या तसल्या नव्हत्याच. लिहून झाल्यावर फॉर्म पिशवीत टाकला आणि तीच पिशवी फिरवून तिचा उसवलेला पट्टा अण्णांपुढं धरला. "आता मशीन आलीच आहे तर हा पट्टा शिवून द्या. शहरात कुणी हात लावत नाही." अण्णांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा माणसासारखा दिसला. त्यांनी दुहेरी टीप मारून दिली. पैसे घ्यायचे नाहीत यावरून दोघांची दारापर्यंत झटापट झाली, ती मॅडमनी जिंकली. मग मायनं त्यांची ओटी भरली, ती झटापट मायनं जिंकली.

शिष्यवृत्ती मिळाली, हे सांगून टाकते. तीन आठवड्यांनी पत्र आलं, दुसरं वर्ष झालं, करारातली दोन वर्षंही कधीच उलटून गेली आणि मी अजून लेकरांच्याच कामात आहे. रविवार कशाला म्हणतात ते विसरले. पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंय, आणि ते मी सहसा कुणाला सांगत नाही.

मॅडमना एसटीत बसवून मी परत आले तेव्हा आमचं घर रिकामं होत होतं. चुलती फ्रिज ढकलत नेत होती. फ्रिजच्या पोटातलं दूध सांडलं, त्यावरून तिनं मायला दोन शब्द सुनावले. सोफा दारातून निघेना. सकाळी आत कसा आला ते आता कुणालाच आठवत नव्हतं. आजोबा त्यावरून उठायला तयार नव्हते, उजव्या अंगानं घ्या, डाव्या अंगानं घ्या, असं बसल्या बसल्या सांगत होते. शेवटी त्यांना उठवलं तेव्हा निघाला.

सगळे गेल्यावर मी राग बाहेर काढला. काढायलाच हवा होता, दिवसभर गिळला होता. "कुणी सांगितलं होतं एवढा तमाशा करायला? मी म्हटलं नव्हतं का, आहे तसं राहू द्या? गेली असती ना शिष्यवृत्ती. त्या मॅडम काय तुमचा सोफा बघायला आल्या होत्या? इज्जत, इज्जत. कुणापुढं दाखवायची होती एवढी?"

अण्णा मशीनला तेल घालत होते. बाजाराचा दिवस बुडाला होता, गणवेश तसेच पडलेले, ते रात्री उरकायचे होते. ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडमसाठी नाय केलं," ते म्हणाले. "त्येंला काय, त्या रोज शंभर घरं बघत आसतील."

"मग कुणासाठी?"

तेलाचा थेंब त्यांनी बोटानं पुसला. "दिवाळीत तुझ्या मैत्रिनी येनार व्हत्या. तू फोनवर त्यांला म्हनलीस, घराचं बांधकाम चालूय, आत्ता नका येऊ. मी दारातच व्हतो." माझ्याकडं न बघता ते बोलत होते. "मंग तुझा फोन आला, मॅडम संगं येनार. म्हनलं, ह्या टायमाला तरी पोरीला खाली बघाया लागू नये."

मायनं स्वयंपाकघरातून काही ऐकलं नसल्यासारखं भांडं घासायला घेतलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. चुलतीला, आजोबांना, बुलेटवाल्यालाही माहीत असणार. माझी लाज झाकायला अर्ध्या गल्लीनं आपापलं सामान दिलं होतं.

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि या वेळी ती घराची नव्हती. मी काहीतरी बोलायला गेले, पण अण्णांनी चष्मा लावला, ढिगातून निळी चड्डी ओढली आणि मशीन सुरू केली. त्या आवाजात बोलता येत नाही. मी हुकांचा डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसले. मॅडमनी विचारलं तेव्हा मी गप्प का बसले, हे त्या खोलीत फक्त अण्णांनाच कळलं होतं, आणि म्हणूनच ते उठले होते.